पार्लर बंद होतंय, टेबल घ्यायचं का?

वाचकाचं पत्र

नौपाड्यातलं आमचं पूल पार्लर पुढच्या महिनाअखेरीस बंद होतंय. इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही सहा मित्र, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे, कॉलेजपासून दर गुरुवारी रात्री तिथे जमतो. शेठ म्हणाले, "एक स्नूकरचं आणि एक पूलचं टेबल तुम्हीच घ्या, बाहेर विकण्यापेक्षा तुम्हाला कमीत देतो." एक मित्र म्हणतो, गाळा भाड्याने घेऊन आपणच पार्लर काढू. दुसरा म्हणतो, टेबलं माझ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टाकू. ते पहिल्या मजल्यावर आहे, २० बाय १५ फूट. तिसरा म्हणतो, भावनेच्या भरात खिशात हात घालू नका. आमची ३० तासांची कूपनंही पडून आहेत. आणि २२ वर्षं तिथे टेबलं राखणारे, स्कोअर सांगणारे मार्करकाका, त्यांचं काय होणार? काय करावं?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

तुमचा तिसरा मित्र अर्धा बरोबर आहे. खिशात हात घाला, पण टेप घेऊन खोली मोजल्यावर. आणि मोजलीत की तुमचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

पूर्ण आकाराच्या स्नूकर टेबलाचा खेळायचा भाग, म्हणजे एका कुशनच्या नाकापासून (कडेच्या रबरी पट्टीच्या पुढे आलेल्या धारेपासून) समोरच्या नाकापर्यंत, ११ फूट ८॥ इंच बाय ५ फूट १० इंच असतो. क्यू (खेळायची काठी) साधारण ५८ इंचांचा. बॉल कुशनला चिकटलेला असतानाही क्यू मागे ओढता यायला हवा, म्हणून चारही बाजूंना क्यूची पूर्ण लांबी धरायची. बेरीज केली की खोली किमान २२ बाय १६ फूट लागते. तुमचं क्लबहाउस २० बाय १५. म्हणजे स्नूकरचं टेबल तिथे बसणार नाही. "थोडं ॲडजस्ट करू, एक छोटा क्यू ठेवू" असं कोणी म्हणेल. ऐकू नका. भिंतीला क्यू आपटत खेळण्यात मजा नसते. महिनाभरात सगळे कंटाळतील आणि टेबलावर सोसायटीच्या सतरंज्या नि गणपतीचं सामान येऊन बसेल.

पूल टेबलाचं गणित वेगळं. तुमच्या पार्लरमधलं कोणत्या मापाचं आहे ते पत्रात नाही, तेव्हा आधी ते मोजा. नाक ते नाक १०० बाय ५० इंच भरलं तर ९ फुटी, ८८ बाय ४४ भरलं तर ८ फुटी. ९ फुटीला १८ बाय १४ फूट खोली लागते, ८ फुटीला १७ बाय १३॥. दोन्ही तुमच्या खोलीत मावतात. ९ फुटी लावलंत तर लांबीकडे दोन्ही टोकांना एकेक फूट आणि रुंदीकडे जेमतेम सहा-सहा इंच उरतील; तेव्हा बसायला बाक ठेवायचे असतील तर ते टोकाच्या भिंतीला, कडेच्या नाही. मोजताना खांब, आतल्या बाजूला उघडणारं दार, एसीचं युनिट आणि भिंतीतली कपाटं वजा करायला विसरू नका. खोलीचं माप हे भिंत ते भिंत नसतं, अडथळा ते अडथळा असतं.

गाळा घेऊन पार्लर काढायची कल्पना आकड्यांत मांडून बघू. आकडे मानलेले आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा मांडा. समजा भाडं चौरस फुटाला महिना ६० रुपये. स्नूकर टेबलाला ३५२ चौरस फूट, ८ फुटी पूलला साधारण २३०, काउंटर, बसायची जागा आणि संडास मिळून १५०. भाडंच झालं ४४,००० च्या आसपास. मार्करचा पगार १८,०००, वीज १०,०००, कापड, चॉक, टिपा (क्यूच्या टोकावरचं चामडं) आणि दुरुस्ती सरासरी ४,०००. महिन्याला ७६,००० रुपये. टेबलाचा सरासरी दर तासाला १८० धरला तर ४२२ तास विकले गेले पाहिजेत. म्हणजे दोन्ही टेबलं रोज सात-सात तास भरलेली, महिन्याचे तीसही दिवस. प्रत्यक्षात गिऱ्हाईक येतं संध्याकाळी सहा ते अकरा. ते पाच तास रोज गच्च भरले तरी ५४,००० येतात. उरलेले २२,००० सहा मित्रांच्या खिशातून, दर महिन्याला. अनामत रक्कम, एसी आणि फर्निचर अजून धरलेलंच नाही. दुपारी कॉलेजची मुलं येतील ही आशा ठेवा, पण तिच्यावर भाडेकरार करू नका. तुमच्या शेठना पुनर्विकासाने उठवलं हे खरं, पण ते दुसरीकडे गाळा का घेत नाहीत, हा प्रश्न त्यांना एकदा चहा पिताना विचाराच. उत्तर बहुधा याच बेरजेत असेल.

तरीही पार्लरच काढायचं ठरलं तर एवढं ध्यानात ठेवा, की शेठचा परवाना टेबलासोबत येत नाही. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणाचा परवाना त्या जागेला आणि त्या माणसाला असतो. तुम्हाला नव्याने अर्ज, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद करावी लागेल (कामगार थोडेच असले तर ऑनलाइन सूचना पुरते). शेठकडून त्यांच्या परवान्यांच्या फाइलची झेरॉक्स मागून घ्या. कोणत्या खात्याकडे काय लागलं, ते त्यात क्रमाने सापडेल. एजंटाकडे जाण्याआधी ती वाचा.

आता माझं मत सरळ सांगतो. पूल टेबल घ्या, स्नूकरचं सोडा. क्लबहाउसमध्ये टाका. मार्करकाकांना आठवड्यातून एक फेरी ठरवून पैसे द्या. आणि हे सगळं करायचं की नाही, याचा निर्णय टेबलाखाली वाकून टॉर्च मारल्यानंतर घ्या.

टॉर्च कशासाठी? टेबलाची खरी किंमत लाकडी नक्षीत नसते, दगडात असते. आपल्याकडे सगळी दगडी टेबलं 'स्लेटची' म्हणून खपवली जातात. त्यांतली बरीच संगमरवराची असतात, काही स्वस्तातली तर चक्क एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची). खालून पाहिलं की स्लेट काळपट करडी, बिनचमकेची दिसते. एमडीएफ तपकिरी आणि नखाने खरवडणारा. पॉकेटच्या तोंडाशी कडा उघडी असते, तिथे पट्टी लावून जाडी मोजा: पूल टेबलाला एक इंच असेल तर उत्तम. संगमरवर असला म्हणून टेबल टाकाऊ होत नाही, पण मग भाव स्लेटचा द्यायचा नाही.

टॉर्चच्या उजेडात दुसरी गोष्ट बघायची ती सांध्यांची. ९ फुटी टेबलाला सहसा दगडाचे तीन तुकडे असतात, म्हणजे खालून दोन सांधे दिसतात. एकही सांधा दिसला नाही तर दगड अखंड आहे. तसं काही ८ फुटी टेबलांत असतं. असा दगड दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि तो जिन्यावरून पहिल्या मजल्यावर चढवणं म्हणजे दगड तरी जाईल नाहीतर कुणाची कंबर. अखंड दगड असेल तर क्लबहाउसचा विचार सोडा. तीन तुकड्यांचा असेल तर बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी चीर आहे का बघा. टेबल आधी कधी निष्काळजीपणे हलवलेलं असलं की चीर तिथेच पडते.

कुशनचं रबर अंगठ्याने दाबा. चांगलं रबर दबतं आणि लगेच परत येतं; म्हातारं रबर दगडासारखं लागतं. मग एक बॉल हातात धरून सगळ्या कुशनवर दर वीतभर अंतरावर हलका आपटत जा. एखाद्या ठिकाणी आवाज बदलून 'भद्द' आला तर तिथे रबर लाकडापासून सुटलंय किंवा रेलचा (कुशन ज्यावर बसतं त्या लाकडी पट्टीचा) बोल्ट ढिला आहे. बोल्ट आवळून आवाज सुधारला तर ठीक, नाही तर सहाही रेलचं रबर बदलण्याचा खर्च भावातून वजा करा. एकदोनच बदलू नका. नवं आणि जुनं रबर वेगळ्या वेगाने बॉल परत देतं आणि टेबल कायमचं वेडंवाकडं खेळतं.

बॉल सोडला की टेबल एका बाजूला ओढतं, म्हणून भाव पाडायला जाऊ नका. उतार हा त्या जागेचा आणि लेव्हलचा प्रश्न आहे, टेबल हलवल्यावर ते नव्याने लेव्हल करायचंच असतं. कापडाचंही तसंच. खोलल्यावर जुनं कापड बहुतेक वेळा पुन्हा ताणून बसत नाही, तेव्हा नव्या कापडाचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा आणि सध्याच्या कापडावरच्या सिगारेटच्या डागांवरून शेठशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

बॉलचा संच मात्र व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा असतो. पांढऱ्यालाच दर फटक्याला मार बसतो, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा आधी झिजतो. लहान झालेला पांढरा जड बॉलला आदळून पुढे जायच्या ऐवजी अडखळतो आणि खेळणारा स्वतःच्या स्ट्रोकला दोष देत बसतो. सगळे सारखे झिजले असतील तरी नवा संच घेण्याची तयारी ठेवा. तुमच्यातल्या कोणाला स्नूकरची हौस भागवायला पूल टेबलावर स्नूकरचे बॉल टाकावेसे वाटतील, तर नको. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा. कुशनचं नाक बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्के उंचीवर असावं लागतं. पूल टेबलावर ते सुमारे ३६ मिलिमीटरवर असतं, स्नूकरच्या बॉलला हवं असतं ३३ वर. तीन मिलिमीटर उंच नाक बॉलला वरून दाबतं आणि तो कुशनवरून मेल्यासारखा परत येतो.

खोलणं आणि नेणं हा सगळ्यात नाजूक भाग, इथे फिटर लागतोच. मार्कर आणि टेबल फिटर ही दोन वेगळी कामं आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मार्करकाका टेबल ब्रश करतील, टिप बसवतील, स्कोअर तोंडपाठ सांगतील. दगड उतरवणं हे फिटरचं काम. शेठनी टेबलं ज्याच्याकडून बसवून घेतली असतील त्याचाच नंबर घ्या, त्याला त्या टेबलाच्या खोडी माहीत असतात. तरी काम चालू असताना तुमच्यापैकी दोघांनी तिथे उभं राहावं आणि पुढच्या गोष्टी बघाव्यात.

हात लावण्यापूर्वी प्रत्येक रेलवर, पायावर आणि दगडाच्या खालच्या बाजूला मार्कर पेनने नंबर टाकायचे, आणि ब्रेक (डावाचा पहिला फटका) करतो ती बाजू कोणती तेही लिहायचं. फोटो काढायचे. आधी पॉकेट सुटतात, मग रेल. रेलचे बोल्ट खालून असतात, बहुतेक टेबलांना एका रेलला तीन, म्हणजे अठरा. प्रत्येक रेलचे बोल्ट आणि वायसर त्या रेलच्या नंबराच्या पिशवीत. मग कापड. कापड निघालं की सांध्यांत आणि स्क्रूंच्या डोक्यांवर भरलेली लांबी (पुट्टी) किंवा मेण दिसतं. ते खरवडून सगळे स्क्रू मोजून काढायचे. एक जरी स्क्रू लांबीखाली दडून राहिला आणि दगड उचलायला गेलात, तर तिथूनच टवका उडतो.

सांध्यांत पितळी खुंट्या असतील तर टोकाचा दगड आधी आडवा सरकवून खुंट्यांतून मोकळा करायचा, मगच उचलायचा. सरळ वर उचलला तर खुंटीच्या भोकाची कड फुटते. आणि उचलल्यावर दगड उभा, म्हणजे लांब कड खाली करून धरायचा. काचेचं तावदान नेतात तसाच. ९ फुटी टेबलाचा एक तुकडा साधारण ९० किलोंचा असतो. दोन माणसांनी दोन टोकांना धरून आडवा नेला तर मधून स्वतःच्याच वजनाने चिरतो. चार माणसं लावा. टेम्पोतही दगड उभेच, मध्ये जुन्या गाद्या, खाली लाकडी पट्ट्या, आणि दोरीने बाजूच्या पाट्याला घट्ट बांधलेले. वर सामान ठेवू द्यायचं नाही. टेम्पोवाला "एवढंसं तर आहे" म्हणून त्यावर कपाट टाकेल.

सोसायटीची सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोंची असते, त्यामुळे एक दगड आणि एक माणूस वजनात बसतो. पण पहिल्याच मजल्यावर जायचं आहे, जिना सरळ असेल तर जिनाच बरा. वळणावरच्या चौकाची रुंदी मोजून ठेवा. दगड वळेल, फ्रेमच्या लांब बाजू अडकतात. (स्नूकर टेबलाचा प्रश्न इथेच आणखी अवघड होतो. त्याला सहसा पाच दगड, पावणेदोन इंच जाड, दगडांचंच वजन साडेआठशे किलोंच्या घरात आणि पूर्ण टेबल सव्वा ते दीड टन. ते जिमखान्याने घेतलेलं बरं.)

नव्या जागी फ्लोअरिंगवर पाय थेट ठेवू नका. संपूर्ण पूल टेबल बनावटीप्रमाणे साडेतीनशे ते साडेचारशे किलो, म्हणजे चार पाय असले तर एकेका पायावर शंभर किलोंच्या आसपास. खाली टाइल पोकळ असेल तर ती तडकेल. बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो का बघा, आणि प्रत्येक पायाखाली १२ मिलिमीटर प्लायवूडचा वीतभर चौकोन द्या. रबर देऊ नका, ते हळूहळू दबत जातं आणि लेव्हल दर महिन्याला बिघडते. स्लॅबला हे वजन पेलेल, तरी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक पत्र द्या आणि त्याचं उत्तर लेखी घ्या. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर तिचा ऑडिट अहवाल सोसायटीकडे असायलाच हवा, तो आधी वाचा.

लेव्हल करताना क्रम महत्त्वाचा: आधी फ्रेम, मग दगड. सुताराची लेव्हल पट्टी चालत नाही. लेथवाल्यांकडे असते तशी अचूक मशीन लेव्हल फिटरकडे हवी. दगड आणि फ्रेम यांच्यामध्ये पातळ पाचरी, काही जुने फिटर पत्ते घालतात, आणि सांध्यावरून नख फिरवल्यावर ते कुठेही अडकलं नाही पाहिजे. मग सांधे भरून घासून सपाट. कापड ताणलं, रेल बसवले, बोल्ट आवळले की काम संपलं असं फिटर सांगेल. पैशांतला थोडा भाग राखून ठेवा आणि तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा बोलवा. वजनाने लाकूड आणि पाचरी बसतात, आणि पहिली लेव्हल थोडी तरी सरकतेच. पावसाळ्यानंतर आणखी एकदा.

दिवा डोक्यावर हवा, खोलीच्या मधोमध नव्हे, टेबलाच्या मधोमध. स्पर्धांसाठी टेबलाच्या प्रत्येक बिंदूवर ५२० लक्स उजेड लागतो; मोबाइलच्या ॲपने अंदाज येतो. पॉकेटच्या तोंडाशी सावली पडत असेल तर दिवा लहान आहे. बाजूला सरकवता येणारा दिवा असेल तर तो कापडापासून किमान ४० इंच वर.

आणि ठाण्याचा पाऊस. लोकरीचं कापड ओल धरतं, बॉल जड झाल्यासारखे पळतात, कुशन वेगळी वागतात. क्लबहाउसच्या खिडक्या जून ते सप्टेंबर बंद ठेवा, खेळण्यापूर्वी तासभर एसी ड्राय मोडवर चालवा. टेबलावर रेक्झिनचं आवरण टाकून महिनाभर बंद ठेवलंत तर खाली बुरशी येईल. पावसाळ्यात सुती चादर बरी. पूलच्या गुळगुळीत कापडाला इस्त्री लागत नाही, रोज मऊ ब्रश पुरे. ब्रश गोलगोल फिरवायचा नाही, एकाच दिशेने न्यायचा आणि खडूची पूड कुशनच्या खाली ढकलून न ठेवता बाहेर काढायची. ओल्या फडक्याने कापड पुसणारा उत्साही सभासद प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला आधीच गाठा.

सोसायटीच्या कमिटीत कोणीतरी "असल्या अड्ड्याचं टेबल आपल्याकडे नको" म्हणणारच. वाद घालू नका, माहिती द्या. स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलं. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते ठरले, १९६४ मध्ये पुन्हा. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा. मायकल फरेरा आणि यासिन मर्चंट मुंबईचे. एवढं सांगून झालं की ठराव मांडा. व्यवस्थापक समितीचा तोंडी होकार पुरत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव हवा. त्यात टेबल कोणाच्या मालकीचं (सोसायटीला देणगी की तुमच्या सहा जणांचं, वापरायला दिलेलं), दुरुस्ती कोण करणार, वेळ रात्री किती वाजेपर्यंत आणि सोडून जाताना टेबल कोण नेणार, हे लिहिलेलं असावं. दहाला बंद करायचं कबूल करा. खालच्या फ्लॅटमध्ये ब्रेकचा आवाज जातो आणि तक्रार तिथूनच येते. बाहेरच्यांकडून तासाचे पैसे घेऊ नका. घेतलेत की तो धंदा झाला, आणि मग परवाना, कर, सभासदांचे अर्ज, सगळं मागे लागतं. पाहुणा सभासदासोबत येईल आणि पैसे देणार नाही, एवढाच नियम ठेवा. तुमच्यातला जो त्या सोसायटीत राहतो त्याच्या गळ्यात हे सगळं पडणार आहे, त्याला आधी विचारा.

सहा जणांत मालकीचा एक कागद करा. कितीही जुनी दोस्ती असली तरी. कोणी किती घातले, कोणी ठाणं सोडून गेला तर त्याला काय मिळणार (मी म्हणेन काही नाही, टेबलाचा भाव दरवर्षी उतरतो), आणि दर महिन्याला प्रत्येकी किती वर्गणी. वर्गणीतून कापड बदलणं, टिपा, चॉक आणि मार्करकाकांचं मानधन निघालं पाहिजे.

तुमच्या ३० तासांच्या कूपनांचं काम सोपं आहे. टेबलाच्या किमतीतून वजा करून घ्या, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. टेबल घेतलं नाहीत तर शेठकडे लेखी परतावा मागा. बंद होण्याच्या आधी, नंतर नाही. लॉकरमधले क्यूही आताच काढा. भिंतीला तिरके टेकवून ठेवलेत तर पावसाळ्यात वाकतात, आडवे किंवा सरळ टांगून ठेवा.

मार्करकाकांबद्दल. पार्लरमध्ये कधीच दहा माणसं कामाला नसतील तर ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होत नाही, आणि लहान पार्लरमध्ये बहुधा तसंच असतं. म्हणजे त्यांना काय मिळेल ते शेठच्या मनावर. तुम्ही सहा जण जुने गिऱ्हाईक आहात, तुमचा शब्द शेठ ऐकतील. बंद होण्याच्या दिवशी सगळ्यांनी वर्गणी काढून काकांना शाल-नारळ द्यायचा बेत असेल तर तो ठेवाच, पण त्याआधी शेठशी बसून त्यांचा थकलेला पगार, दोन-तीन महिन्यांचा जादा पगार आणि लेटरहेडवर अनुभवाचं पत्र, या तीन गोष्टी बोलून घ्या. ते पत्र पुढे उपयोगी पडतं. मुंबई-ठाण्यातल्या जिमखान्यांना आणि क्लबांना टेबल राखणारा मार्कर लागतो, आणि २२ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला विचारणा होते. पत्रात 'कामगार' एवढंच नको. किती टेबलं सांभाळली, टिप बदलणं, ब्रशिंग, इस्त्री, स्कोअरिंग, स्पर्धांत काम केलं असेल तर तेही येऊ दे. शेठना लिहायला वेळ नसेल तर मजकूर तुम्ही टाइप करून न्या, त्यांची फक्त सही घ्या.

आणि स्नूकरचं टेबल कोणीच घेत नसेल तर भंगारात जाऊ देऊ नका. राज्याच्या बिलियर्ड्स-स्नूकर संघटनेशी संलग्न क्लबांना आधी फोन करा, मग कॉलेजांच्या क्रीडा विभागांना. घेणाऱ्याकडे २२ बाय १६ ची तळमजल्यावरची जागा आहे का, हे फोनवर पहिल्याच वाक्यात विचारा. बाकी बोलणी त्यानंतर.

दरम्यान टेबल बसेपर्यंत सहा-आठ आठवडे सहज जातील. तोवर गुरुवारी रात्री नऊ ते अकरा दुसऱ्या कुठल्याही पार्लरमध्ये एक टेबल महिनाभरासाठी लावून घ्या आणि आगाऊ पैसे मात्र एका महिन्याच्या वर देऊ नका.